समजा एक कासव आहे

भुकूम
१२ जानेवारी २०२५

चि. रेश्मा,

फोन न करता पत्र लिहितो आहे. किशोरचं म्हणणं की हा विषय फोनवर नको. फोनवर बोललेलं कुठंतरी साठून राहतं. कागद जाळता येतो. तसं जाळण्यासारखं यात काही नाही.

तू कच्छमध्ये रानातल्या कासवांची पाहणी करतेस, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोक विचारतात, कासवाची काय पाहणी करायची, ते कुठं पळून जातंय. मी म्हणतो, माझी पुतणी आहे, तिला माहीत.

तर प्रश्न असा. सर्वसाधारण ज्ञान म्हणून विचारतो. वाळूच्या कोरड्या मुलखात रानातलं कासव खातं कसं? म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते. खाताना तोंडात वाळू जात नाही का? गेली तर पुढं तिचं काय होतं? आणि अशा कासवाने बरेच दिवस घाण केली नाही तर काय समजावं?

इकडची हालहवाल. सिमेंट आणि वाळूचा धंदा चालू आहे. किशोर भूगावच्या फ्लॅटमध्येच असतो, रविवारी आईला भेटायला येतो. वरच्या मजल्यावरचा निषाद नावाचा आयटीतला भाडेकरू खोली सोडून कॅनडाला गेला. जाताना थोडं सामान ठेवून गेला. काकीची तब्येत बरी आहे. ती हल्ली काकड्या फार आणते.

उत्तर सवडीने दे. पण या आठवड्यात दे.

वाल्मीककाका

•

अबडासा, कच्छ
२० जानेवारी २०२५

काका,

पत्र वाण्याच्या दुकानात मिळालं. छावणीवर फोनला रेंज नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं तर मिळते, पण तिथे मधमाश्यांचं पोळं आहे. त्यामुळे पत्रच बरं.

तुमच्या सर्वसाधारण प्रश्नाचं उत्तर. आज सकाळी मी एका मादीच्या मागे बसून होते. उन्हं अंगावर आली तशी ती झुडपाखालून निघाली. इथली जमीन वरून वाळूची दिसते, पण वाळूचा थर पातळ असतो. पावसाळ्यानंतर तो सुकून घट्ट होतो. जिथे पाय रुततो अशी मोकळी वाळूही आहे, पण तिथे काही उगवत नाही. कासव ती ओलांडून जातं. तिथे खायला थांबत नाही.

खाणं उभं असतं. गवत मुळाशी जमिनीने धरलेलं असतं. कासव आधी नाक लावून बघतं. मग पात चोचीत धरतं, पुढचा पाय रोवतं आणि मान मागे खेचतं. पात तुटते, मूळ जमिनीत राहतं. तोंड जमिनीला लागत नाही.

तरी थोडी वाळू पोटात जातेच. मी त्यांच्या लेंड्या वाळवून चाळते. त्याचा मला पगार मिळतो. आत राठ गवत असतं, बिया असतात आणि वाळूही असते. राठ गवत वाळूला पुढे ढकलत नेतं. वाळू आत जाते आणि बाहेर येते. रानातल्या कासवाचं एवढंच.

दुसरी गोष्ट, तीही सर्वसाधारण. असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. विकत घेतलेलं असो, सापडलेलं असो, कॅनडाला जाताना कोणी ठेवून गेलेलं असो. मी वनखात्याच्या परवानगीवर काम करते आणि ती परवानगी मार्चअखेर नव्याने काढायची आहे. असं कासव कुठे आहे हे मला कळलं, तर मला ते कळवावं लागतं. तुमच्या पत्रावरून मला काहीही कळलेलं नाही.

रेश्मा

•

भुकूम
२९ जानेवारी २०२५

चि. रेश्मा,

तुला काही कळलं नाही हे वाचून बरं वाटलं.

आता समजा, एका इसमाकडं असं कासव आहे. बशीपेक्षा थोडं मोठं. इसम बांधकामाचं साहित्य विकतो. कासवाच्या आधीच्या मालकाने ते निळ्या टबात, वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. इसमाला ते पटलं नाही. वाळूतला प्राणी कागदावर कशाला? म्हणून त्याने टबात वाळू टाकली. नदीची वाळू आता मिळत नाही हे तुला माहीत आहे. क्रशरवर दगड फोडून करतात ती टाकली, धुतलेली. ती पोटाला टोचत असेल असं वाटलं, म्हणून ती काढून प्लास्टरची बारीक टाकली. दोनदा चाळून. इतकी चांगली वाळू भूगावच्या बंगल्यांनाही पडत नाही.

इसमाची बायको काकडी, पालक, कोथिंबीर स्वच्छ धुते आणि बारीक चिरून टबात घालते. कासवाला दात नसतात म्हणून. काही वेळा हाताने भरवते. कासव तिचा आवाज ओळखतं. इसमाचा ओळखत नाही.

तुझं पत्र आल्यावर समजा पुढील सुधारणा करण्यात आल्या. खाणं उभं पाहिजे म्हणून भाताचा पेंढा वाळूत रोवला. कासव त्याच्याकडं बघत बसलं. चालणं पाहिजे म्हणून पार्किंगमध्ये सोडलं. ते एका स्कूटरखाली गेलं आणि तिथंच बसलं. आता ते मान आत घेऊन असतं. मागचे पाय ओढतं. घाण नाही.

काकीला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रेश्माला इचारा, बायकोनं हातानं भरवलं तर चालतंय का."

मी म्हणालो, सर्वसाधारण विचार.

"सर्वसाधारणच इचारतीया. एका सर्वसाधारण बाईनं एका सर्वसाधारण कासवाला."

तिचं तुला माहीत आहे. शेवटची म्हैस विकली, गोठ्याच्या जागी भाडेकरूंच्या गाड्या उभ्या राहू लागल्या, तरी ती पहाटे उठून तिथंवर जाते. मग तिथं गाड्या बघून परत येते. हे कासव आल्यापासून परत येत नव्हती. तिथंच टब ठेवला आहे. समजा.

वाल्मीककाका

•

अबडासा
६ फेब्रुवारी २०२५

काका,

त्या इसमाला हे सगळं आजच सांगा.

टबातली वाळू काढावी. सगळी. ओल्या पाल्याला वाळू चिकटते आणि जितकी बारीक तितकी जास्त चिकटते. इसमाने ती दोनदा चाळली, त्याने काम आणखी सोपं झालं. धुतलेला, चिरलेला, मऊ पाला आणि त्याला लागलेली वाळू, असा घास रानात कुठल्याच कासवाला मिळत नाही. मऊ पाल्यात वाळूला ढकलण्याइतका जोर नसतो. वाळू आतड्यात बसते. ओली बारीक वाळू एका जागी बसली की काय होतं, हे प्लास्टरवाल्याला मी सांगायला नको.

आधीचा मालक कागद घालत होता ते बरोबर होतं. इसमाला हे लागेल, पण सांगा.

कोमट पाण्यात रोज थोडा वेळ बसवावं. पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. तेल पाजू नये. अंगात चुन्याचा अंश कमी पडला की कासव मुद्दाम मातीही खातं, म्हणून कोणी त्याला पानाचा चुना चाटवायला जाईल. तसं करू नये, तोंड भाजेल. काकीच्या कमरेला डबी असते म्हणून लिहीत नाही. सर्वसाधारण लिहिते आहे.

हाताने भरवलं म्हणून कासव मरत नाही. पण ते हाताचंच होतं.

मागचे पाय ओढणं हे चांगलं लक्षण नाही. पोटाचा एक्स-रे लागेल. पुण्याच्या बाजूला जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं एक केंद्र आहे, पत्ता मागे लिहिला आहे. तिथे नेलं की वनखात्याला कळवलं जाईल आणि कासव परत मिळणार नाही. स्वतःहून नेलं तर बोलणं सोपं जातं. त्याहून जास्त खात्री मी देऊ शकत नाही.

समजा असं कासव असेल, तर ते तिथे न्यावं. नेताना मात्र समजा नको.

रेश्मा

•

भुकूम
२४ फेब्रुवारी २०२५

चि. रेश्मा,

वाळू काढली. पुन्हा कागद घातला. पाण्यात बसवणं काकीने केलं. ती त्याला लहान मुलासारखं मांडीवर घेऊन पुसते. फरक नाही.

पौडला एक जनावरांचे डॉक्टर आहेत, आपल्या म्हशीला यायचे. त्यांना दाखवलं. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "वाल्मीकराव, मी चष्मा लावलेला न्हाई. मला यात काय दिसलं न्हाई."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

तू लिहिलेल्या केंद्राचा विषय किशोरपुढं काढला. तो म्हणाला, "कागदावर नाव येणार. आपल्या मागच्या जागेचा नकाशा मंजुरीला टाकलाय, त्यात हे कुठं काढताय?" बोलण्यात तथ्य आहे. माझ्या दुकानात रोज दहा माणसं बसतात. त्यातला एकही माणूस कासवावरून गुन्हा दाखल झाला हे ऐकून गप्प बसणारा नाही.

म्हणून तोडगा निघाला आहे. येत्या रविवारी किशोर गाडी घेऊन येईल आणि आम्ही कासव मुळशी धरणात सोडून देऊ. पाणी मुबलक आहे, कडेला झाडी आहे, माणसाचा त्रास नाही. किशोर म्हणतो, पाण्यात गेलं की पोट आपोआप मोकळं होईल. काकीला अजून सांगितलेलं नाही. फिरायला जायचं सांगू.

तेव्हा हा विषय संपला. तुझी परवानगीही सुरक्षित. पुढचं पत्र खुशालीचं लिही.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे, तुला उगाच काळजी नको म्हणून.

वाल्मीककाका

•

अबडासा
१ मार्च २०२५

काका,

पत्र आत्ता मिळालं. टाकीवर चढून किशोरला फोन केला. त्याने उचलला नाही. तुमचा बंद आहे. मेसेज लिहिला, तो गेला की नाही बघायला थांबता आलं नाही. मधमाश्या उठल्या.

हे कासव पाण्यातलं नाही. त्याला पोहता येत नाही. ते बुडतं.

हे पत्र रविवारनंतर पोचेल हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

रेश्मा

•

भुकूम
३ मार्च

रेश्माला तुळजाबाईचा आशीर्वाद.

तुझ्या काकाचं समजा समजा चालू ऱ्हाऊ दे. मी सरळ लिहिते. आमच्याकडं कासव हाय. निषाद ठेवून गेला. मी त्या कासवालाच भाडेकरू म्हणते. त्ये आजारी हाय.

काल मला फिरायला न्हेतो म्हणाले. ह्या घरात मला फिरायला कोन न्हेत न्हाई, तवाच मला कळाया पायजे हुतं. धरणाच्या काठाला गाडी थांबली आन किशोरनं डिकीतनं पिशवी काढली. म्हणला, "आई, त्येला त्येच्या घरी सोडायचं."

मी म्हटलं, "त्येचं घर हितं हाय ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"आगं, कासव हाय ते. पाण्यातच ऱ्हातंय."

"मंग टबात बसवलं की हनुवटी वर का काढतंय?"

त्येनं कासव पाण्याच्या कडंला ठेवलं. त्ये माघारी वळलं. त्येनं परत पाण्याकडं तोंड केलं. त्ये परत वळलं. तिसऱ्या खेपंला किशोरनं त्येला आत ढकललं. तुझा काका धरणाकडं पाठ करून डोंगर बघत हुता.

त्ये दगडासारखं खाली गेलं. पाय हालत हुते, पर म्हस चिखलात हालवती तसं. त्येला पोहाया येत न्हाई ह्ये मला कळाया पुस्तक लागलं न्हाई. त्ये बुडत हुतं.

मी आत गेले. गुडघ्याच्या वर पाणी. किशोर काठावरनं म्हणतोय, आई साडी, आई साडी. जाळी झाडणाऱ्या बाया बसल्या हुत्या, त्यातली सारजाबाई वरडली, "मावशी, कासवाला आंघूळ घालतीस का सोताला?" मी म्हटलं, दोगांना. कासव काढलं, उलटं धरलं. नाकातनं पाणी आलं. मंग त्येनं मान बाहीर काढली.

माघारी येताना पौड आल्यावर किशोर म्हणला, "मला खरंच वाटलं पाण्यातलं हाय." त्येला खरंच वाटलं असंल. त्ये पोरगं खोटं बोलत न्हाई, नुसतं घाई करतंय.

आता त्ये टबात हाय. पाय अजून वढतंय. माझ्या हातातलं पन घेत न्हाई.

तुझं काम जाणार असंल तर तसं कळव, मी दुसऱ्या कुणाला इचारीन. पर काय करायचं त्ये सांग. तुझ्या काकाला लिहू नको. मला लिही.

तुळजाबाई

•

अबडासा
९ मार्च २०२५

काकी,

तुझं पत्र मिळालं. आता मला माहीत आहे.

म्हणून आज दुपारी मी टाकीवर चढून उपचार केंद्राला आणि तिथल्या वनअधिकाऱ्यांना फोन केला. तुमचं नाव, पत्ता, कासवाची अवस्था, सगळं सांगितलं. तू स्वतःहून कळवलंस हेही सांगितलं आणि ते तसंच लिहून घ्या म्हणून विनंती केली. ते बघू म्हणाले. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर ते कासवाला घेऊन गेले असतील.

काकांना आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पत्राने उत्तर दिलं असतं.

मधल्या काळात काका मला म्हणाले होते की समजा. मीही समजा म्हणत राहिले. माझी परवानगी राहावी म्हणून. त्यात कासवाचा महिना गेला.

ते वाचेल असं मी लिहू शकत नाही. मला इथून दिसत नाही.

रेश्मा

•

भुकूम
१७ मार्च २०२५

रेश्मा,

तुला आशीर्वाद द्यावा की नाही यावर दोन दिवस विचार केला. तोवर शाई वाळत होती. आशीर्वाद आहे असं धर.

ते आले. दोघं जण, खाकी कपड्यांत, एक पिंजरा घेऊन. पिंजरा कुत्र्याला पुरेल एवढा होता. त्यामुळे गल्लीत बातमी झाली की वाल्मीकच्या गोठ्यात बिबट्या शिरला. बिबट्या असता तर माझी थोडी इभ्रत राहिली असती. पन्नास माणसं जमली. त्यांच्यासमोर बशीएवढं कासव बाहेर आलं. कोणीतरी टाळी वाजवली.

जबाब काकीने दिला. मी देणार होतो. ती म्हणाली, "माझं हाय. लिवा."

अधिकारी म्हणाले, "आजी, माझं म्हणू नका. सापडलं म्हणा."

"सापडलं न्हाई. ठेवून गेला त्यो. मी पाळलं."

"पाळलं म्हणू नका."

"मंग काय म्हणू? त्येनं मला पाळलं म्हणू?"

शेवटी त्यांनी काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही. सही काकीची आहे. पुढं बोलावतील तेव्हा जायचं आहे. किशोर म्हणतो, रेश्माशी माझा संबंध संपला. असं तो दुधवाल्यालाही दर महिन्याला म्हणतो. पण या वेळी चेहऱ्यावरून खरं वाटलं.

मी त्यांच्यामागं केंद्रावर गेलो. तिथं डॉक्टर आशालता म्हणून आहेत. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. पोटात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं. मी म्हणालो, ही प्लास्टरची. आधीची जाड वाळू यात नाही. त्या म्हणाल्या, एक्स-रेवर असं ओळखता येत नाही. मी वाद घातला नाही. तीस वर्षं तेच विकतो आहे.

त्यांनी विचारलं, वाळू का टाकली? मी म्हणालो, त्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

तू मला आधी सांगायला पाहिजे होतंस, हे मी या पत्रात लिहिणार होतो. मग तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते डोळ्यांपुढं आलं. म्हणून लिहीत नाही.

काकी जेवते. बोलते. पहाटे गाड्यांपर्यंत जाते आणि परत येते. तिने एक प्रश्न विचारायला सांगितला आहे, तिचे शब्द असे: "तितं रानात त्येला खायला कोन घालतंय?"

वाल्मीक

•

अबडासा
२५ मार्च २०२५

काकी,

कोणी घालत नाही.

मी इथे आल्यापासून बघते आहे. सकाळी एक कासव निघतं, दुपारी झुडपाखाली जातं, संध्याकाळी परत निघतं. वाटेत जे उभं असेल ते ओढून खातं. निवडुंगाचं लाल बोंड पडलेलं मिळालं तर तोंड लाल होतं. उन्हाळ्यात फार काही नसतं तेव्हा फार खात नाही. कोणी त्याला हाक मारत नाही. माझ्याकडेही ते बघत नाही. मी एक झुडूप आहे असं धरून चालतं. त्यातली बरीच म्हातारी होतात.

आज डॉक्टर आशालतांशी बोलले. औषधाने आणि रोजच्या पाण्याने वाळू सुटायला लागली आहे. थोडी थोडी बाहेर पडते आहे. पायांत जोर येतो आहे. पण ते खात नाही. त्यांनी त्याच्यासमोर गवताच्या कुंड्या जमिनीत पुरून ठेवल्या आहेत, रानात असतं तसं गवत. ते त्या गवतापुढे बसतं आणि मान वर करून वाट बघतं. नळीने किती दिवस घालणार, असं त्या म्हणाल्या. स्वतः खायला लागलं तर पुढे केव्हातरी ते त्याच्या मुलखात पाठवता येईल. नाही लागलं तर नाही.

ते हाताची वाट बघतं आहे, काकी. तुझ्या.

त्यांनी तुला बोलावलं आहे. तू दिसलीस, तुझा आवाज ऐकला, की त्याला भूक आठवेल असं त्यांना वाटतं. तिथे त्याच्याजवळ फक्त गवत असेल. तू काही न्यायचं नाहीस. त्याने तोंड उघडलं तरी काही द्यायचं नाही, एक पानसुद्धा. तुला जमेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, तिला विचारून सांगते.

माझी परवानगी झाली. तुमच्याबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.

रेश्मा

•

भुकूम
२ एप्रिल

रेश्मा,

काल गेले. किशोरनं न्हेलं. तुझ्याशी बोलत न्हाई म्हणतो, पर गाडीत तीनदा इचारलं, रेश्मा काय म्हणली, रेश्मा काय म्हणली. मी म्हटलं, तिलाच इचार.

डाक्टरीण बाईनं माझ्या पिशवीत बघितलं. मी म्हटलं, बघा, न्हाई काय. त्या म्हणल्या, "आजी, राग मानू नका, सगळेच काहीतरी घेऊन येतात." मला राग न्हाई आला. मी घरनं निघताना एक काकडी घेतली हुती, ती भूगावला किशोरला दिली. त्येनं खाल्ली.

मला एका पाटावर बसवलं. पुढं मोकळी जागा, माती हाय, बारकं खडं हायेत, मधी मधी गवत. त्ये तितं कोपऱ्यात हुतं. आंग सुकलंय त्येचं. डाक्टरीण म्हणली, बोला काहीतरी. आता कासवाशी लोकांपुढं काय बोलायचं. मी म्हटलं, "काय रे, भाडं न देता चालला व्हय."

त्येनं मान काढली. निघालं. पाय वढत न्हाई आता, चांगलं उचलून टाकतंय. गवतावरनंच माझ्याकडं आलं. पायाशी आलं, मान वर केली आन तोंड उघडलं. आतलं गुलाबी दिसतंय बघ त्येचं, तुला म्हाईत असंल.

मी दोनी हात पदराखाली घेतले आन धरून ठेवले.

त्ये तसंच ऱ्हायलं. तोंड मिटलं, परत उघडलं. माझ्या जोडव्याला नाक लावलं. मला वाटलं आता मी उठून जाते, मला ह्ये व्हत न्हाई. किशोर मागं उभा हुता, त्यो म्हणला, "आई, देऊन टाक की एक घास, काय व्हतंय." मी म्हटलं, गप ऱ्हा.

लई वेळानं त्ये वळलं. पाठ केली मला. गवताच्या एका बुंध्याला नाक लावून बसलं. मंग पात धरली. वढली, सुटली. परत धरली. तितं जोर लावायला लागतो, माझ्या हातातलं कसं आयतं यायचं. मान थरथरत हुती त्येची. म्या पदराखाली बोटं वळली हुती, त्येच्याबरुबर वढल्यासारखी.

तुटली.

त्येनं ती चावली आन दुसरी धरली. माझ्याकडं परत बघितलं न्हाई.

डाक्टरीण बाईनं मला हाताला धरून उठवलं. दारापत्तुर आली. म्हणली, "आजी, वाईट वाटून घेऊ नका, पण आता उद्यापासून येऊ नका."

मी म्हटलं, न्हाई येत.

तुळजाबाई